दारावरचा लिंबाचा डहाळा

तुळजानं भर मे महिन्यात पोरीला लोकरीचं झबलं घातलं, आणि तिथून सगळी गाडी घसरली.

उमरग्याच्या उन्हाळ्यात लोकर घालत नाहीत, हे तिला कळत नव्हतं असं नाही. ती सोलापूरला सातवी पास झालेली. लोकर अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही, हा धडा तिनं शाळा तपासायला आलेल्या साहेबांपुढं घडाघडा म्हणून दाखवला होता आणि शाबासकीही घेतली होती. (धडा पाठ असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं, हे मात्र त्या पुस्तकात नव्हतं.) पण झबलं आईनं विणलेलं होतं, हिवाळाभर, दुखऱ्या गुडघ्यावर लोकरीचा गुंडा ठेवून. हिवाळा सरताना ते पोरीला, शेवंताला, ढगळ व्हायचं. आता कुठं अंगाबरोबर बसायला लागलं होतं. आणि नेमकं आताच सोलापूरहून वडिलांचं, अण्णांचं, कार्ड आलं होतं, की शाळेला सुट्टी लागली, या आठवड्यात नातीला बघायला येतो.

अण्णांनी नात अजून बघितलीच नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण शेवंतानं घाई केली आणि इथं निजामाच्या मोगलाईतच डोळे उघडले. पुढं कधी अण्णांची शाळा, कधी आईचे गुडघे, असं करता करता पोर रांगायला लागली. तेव्हा अण्णांनी नातीला पहिल्यांदा बघावं ते आईच्या झबल्यात, आणि सोलापूरला जाऊन आईला तसं सांगावं, एवढीच तुळजाची इच्छा. आणि ऐनवेळी पोरीनं भोकाड पसरू नये, म्हणून सवय व्हायला तिनं ते आधीपासूनच घालायला सुरुवात केली.

सासू कस्तुराबाईंनी ते पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. सोलापूरकडं अशी रीत असेल, शिकल्यालीला आपण काय सांगावं, असं त्यांना वाटलं. तुळजाला वाटलं, आत्याबाई बोलल्या नाहीत म्हणजे त्यांना पसंत आहे. त्या घरात अशी एकमेकींवर भिस्त टाकून बरीच कामं चालत.

मग एका सकाळी झबलं काढलं, तर पोरीच्या मानेवर, पाठीवर, काखेत लाल लाल बारीक पुरळ. अंग कढत. पोर किरकिरत होती आणि तुळजाच्या तोंडचं पाणी पळालं.

तिला दुखण्यांची भीती तशी लहानपणापासून कमी. त्याला कारण अण्णा. अण्णा म्हणजे शाळेतले बलभीममास्तर. त्यांना शब्दांचा नाद होता. ते म्हणत, माणसासारखं शब्दालाही आजोळ असतं, आणि ते कळलं की शब्दाची भीती जाते. तुळजाला हिवतापानं गाठलं, तेव्हा क्विनाईनच्या कडू गोळीमागून त्यांनी तिला ‘मलेरिया’चं आजोळ सांगितलं होतं. दूर इटलीत लोकांना वाटायचं, वाईट हवेनं ताप येतो. म्हणून ‘वाईट हवा’ हेच त्याचं नाव. ‘इन्फ्लुएन्झा’ही तिकडचाच, ताऱ्यांची वक्रदृष्टी झाली की माणूस शिंकतो म्हणे. ‘रोग’ संस्कृतातला, मोडण्याच्या धातूतून आलेला. ‘आजार’ फारसीतून घोड्यावर बसून आला, त्याचा मूळ अर्थ छळ. इंग्रजांचा ‘डिसीज’ तेवढा सभ्य. नुसतं चैन नसणं. फणफणल्या अंगानं तुळजा हे ऐकायची आणि तिला वाटायचं, आपल्याला ताप आलेला नाही, देशोदेशीचे पाहुणे आलेत.

एकाच शब्दाचं आजोळ त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या रोगाला ‘देवी’ का म्हणतात, असं तिनं एकदा विचारलं होतं. मास्तर उठले आणि भरलेल्या रांजणात पाणी ओतायला लागले. तुळजाच्या आधीचा त्यांचा मुलगा त्याच रोगात गेला होता, हे तिला पुढं आईकडून कळलं.

तो एक शब्द तुळजाला उच्चारवेना. ती सासूकडं गेली आणि एवढंच म्हणाली, “आत्याबाई, शेवंताच्या अंगावर काहीतरी उठलंय.”

कस्तुराबाईंच्या हातातलं सूप खाली आलं. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. “नाव घिऊ नगं,” त्या हळूच म्हणाल्या. “बाई हैत त्या. आल्या तशा जातील.”

झालं. तुळजानं परसातल्या कडुलिंबाचा डहाळा तोडला आणि घरात बाई आल्याची खूण म्हणून दाराला खोचला. कस्तुराबाईंनी दाराला लिंब पाहिला आणि सुनेनं पोरीला नीट निरखलं असणार, असं धरून चालल्या. आणि बाई अंगावर असताना लेकराकडं टक लावून बघायचं नसतं, त्यामुळं त्या पाळण्यापासून लांबूनच हात जोडत राहिल्या. नाव घ्यायचं नाही, निरखायचं नाही, विचारायचं नाही. मग चूक झाली असेल तर ती सापडावी कशी, याची सोय त्या रिवाजात कुणी करून ठेवलेली नव्हती.

घर त्या दिवसापासून बदललं. फोडणी बंद, हिंगमोहरीचा चर्र आवाजसुद्धा बाईंना खपत नाही. केसाला फणी नाही, पायात वहाणा नाहीत, आणि हिंमतरावांनी दाढी करायची नाही. हिंमतराव म्हणजे तुळजाचा नवरा, कचेरीत कारकून. (नाव कुणी ठेवलं देव जाणे. पाल पडली तरी हा माणूस अंगणात झोपायचा.) रजेच्या उर्दू अर्जात कारण लिहायची त्यांची छाती होईना, तेव्हा त्यांनी ‘खानगी सबब’, म्हणजे घरगुती कारण, असं लिहिलं. साहेबांनी अर्जाआधी दाढीचे खुंट बघितले, खुर्ची मागं सरकवली आणि न विचारता घरी पाठवलं. साऱ्या प्रकरणात फायदा झाला तो हिंमतरावांचाच. पण बिनफोडणीच्या वरणापुढं बसले की तोही त्यांच्या तोंडावर दिसत नसे.

शेजारपाजार कुंपणापलीकडून चौकशी करून जाई. गौराबाई कानडी घरची. ती ताकाचा तांब्या भिंतीवर ठेवून म्हणाली, ‘अम्मा’ आल्या की ताक पाजावं. समोरच्या फरिदाबीनं नारळ धाडला आणि सांगितलं, आमच्यातबी नाव न्हाय घेत, ‘मेहमान’ म्हणतो. तुळजा पाळण्याशी बसून विचार करायची. कुणाची बाई, कुणाची अम्मा, कुणाचे मेहमान. तिकडं इटलीत कुणाचे तारे. जगात कुठंच माणसं दुखण्याला नाव ठेवत नाहीत, त्याची समजूत काढतात. हे अण्णांना सांगायला पाहिजे, असं तिला वाटलं. आणि मग तिला कार्ड आठवलं. अण्णा या आठवड्यात येणार होते.

वाटेवरून आलेल्या माणसानं लिंबाच्या दारात पाऊल टाकायचं नसतं. त्यातून अण्णा. एक लेकरू असंच घालवलेला माणूस. एका दुपारी सोलापूरच्या मोटारीचा भोंगा वाजला, तेव्हा ती कान देऊन बसली. बराच वेळ गेला. दारात कुणी हाक दिली नाही. म्हणजे अण्णांचं येणं लांबलं, असं म्हणून तिनं सुटकेचा श्वास सोडला. (त्या श्वासाची आठवण झाली की पुढं कित्येक वर्षं ती हातातलं काम टाकून उगाच उठायची.)

इकडं बाई भलत्याच प्रसन्न निघाल्या. रिवाजाप्रमाणं पोरीला लिंबाच्या पानांवर, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात उघडी निजवली होती. पुरळ पाहता पाहता ओसरलं. एक खपली नाही, वण नाही, ताप तर कधीच उतरला. कस्तुराबाईंना गहिवरून आलं. बाईंची बोळवण करायला त्यांनी दहीभात कालवला, हिरवा खण घेतला आणि कुंकू लावायला पहिल्यांदाच पाळण्यात वाकल्या. वाकल्या त्या वाकूनच राहिल्या. पोरीच्या मानेच्या वळीत थोडं पुरळ उरलं होतं, त्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

“तुळजे, ही घामोळी हैत की गं.”

तुळजाही पाळण्यात वाकली. “आत्याबाई, मग तुम्ही आधी का नाही बोललात?”

“म्या कुठं बघितलं? मला वाटलं, तू बघून लिंब लावलास. तू शिकल्याली.”

“आणि मला वाटलं, तुम्ही हात जोडलेत म्हणजे तुम्हाला कळलं. तुम्ही मोठ्या.”

कस्तुराबाईंची नजर खुंटीवरच्या झबल्याकडं गेली, मागोमाग तुळजाचीही. हिंमतराव हळूच उठून वस्तरा शोधायला लागले.

लिंब उतरला तसा समोरचा लालमहंमदचाचा रस्ता ओलांडून आला. फरिदाबीचा नवरा हा. शिलाईचं काम करायचा. त्याच्या हातात एक गाठोडं होतं. तुळजानं त्या गाठोड्याची गाठ ओळखली. अशी दुहेरी गाठ अण्णाच मारायचे.

“बेटी, तेरे बावा आए थे,” चाचा म्हणाला. “दरवाजे तक आए. लिंब देखे, वहींच थम गए. मैं आवाज देने लगा तो हात पकड लिए मेरा. नक्को बोले. पानी भी नै पिए. उलटी मोटर से चले गए.”

लिंबाच्या दारात हाक मारायची नसते आणि बाहेरगावचा निरोपही द्यायचा नसतो. म्हणून भल्या माणसानं ते गाठोडं आपल्या दुकानात जपून ठेवलं होतं. त्याला बोल कसा लावायचा? सगळे रिवाजाला धरून वागले होते. चुकलं होतं ते फक्त झबलं.

तुळजा उंबऱ्यावर बसली. तिच्या डोळ्यांपुढं अण्णा आले, दारापासून माघारी फिरलेले, भरल्या मोटारीत खिडकीकडं तोंड करून बसलेले. तिनं गाठोडं सोडलं. शेंगाची चटणी होती, एक लाकडी खुळखुळा होता, आणि सगळ्यात खाली, आईच्या हातची, झबल्याच्या जोडीची लोकरी टोपी.

तिला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. कुठलं आधी आलं ते कस्तुराबाईंनाही सांगता आलं नसतं.

हिंमतराव म्हणाले, तार करू या. पण तार हातात पडली की माणसं आधी रडतात आणि मग वाचतात. अण्णांच्या दारात तारवाला उभा राहिला तर पुढचं वाचायला कोण शुद्धीवर असणार? पत्र जायला वेळ लागायचा. शेवटी पोरीला पदराखाली घेऊन तुळजा स्वतःच पहिल्या मोटारीत बसली. सोबतीला अर्धी दाढी केलेले हिंमतराव. उरलेली करायला तिनं सवड दिली नव्हती.

सोलापूरच्या घराच्या ओट्यावर बलभीममास्तर बसले होते. गालांवर पांढरे खुंट वाढलेले. रोज गुळगुळीत दाढी करून शाळेत जाणारा माणूस. त्यांनी तिथं बसून नातीसाठी रिवाज पाळला होता. आतून फोडणीचा वास येत नव्हता. लेक गल्लीच्या तोंडाशी दिसली तसे ते उभे राहिले, पण पुढं आले नाहीत. त्यांची नजर तिच्या पदराखाली काही हलतं का, ते शोधत होती. विचारणं त्यांच्याच्यानं होईना.

तेव्हा तुळजा रस्त्यातूनच मोठ्यानं म्हणाली, “घामोळं होतं, अण्णा. नुसतं घामोळं.”

गल्लीत दोन खिडक्या उघडल्या. मास्तर पायरी उतरून आले. त्यांनी पोरीला घेतलं, उलटी केली, पाठ बघितली, मान बघितली. मग तिला छातीशी धरलं. बोलले तेव्हा आवाज शाळेतला होता, पण मध्येच फाटत होता.

“घामोळं. घाम म्हणजे संस्कृतातला ‘घर्म’. फारसीतलं ‘गरम’ त्याचंच भावंड. इंग्रजीतलं ‘वॉर्म’सुद्धा त्याच कुळातलं, असं पंडित म्हणतात.” ते नातीच्या कानाशी वाकले. “केवढं मोठं आजोळ आहे गं तुझ्या दुखण्याला.”

तुळजानं तिथंच झबल्याची हकिगत सांगून टाकली. अण्णांनी ऐकून घेतलं आणि तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. दाराशी, मोटारीत आणि या ओट्यावर त्यांनी जे सोसलं होतं, ते पुसून टाकायला कुठलाच शब्द नव्हता, कुठल्याच भाषेतला.

आई गुडघे धरत दारात आली. तिनं नातीला डोळे भरून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “टोपी नाही का बसली तिला?”

आता सोलापूरच्या आईला मे महिन्यात नाही कोण म्हणणार? टोपी बसली. अगदी बेतशीर बसली. संध्याकाळपर्यंत पोरीच्या कपाळावर लाल बारीक पुरळ उठलं. “घामोळं,” असं सगळे एकदमच म्हणाले, कुणी विचारायच्या आत. आईनं आंघोळीच्या पाण्यात टाकायला लिंबाची पानं आणवली, आणि ती निवडता निवडता तुळजानं सगळ्यांची नजर चुकवून एक छोटा डहाळा दाराला खोचला. आतल्या बाजूनं. म्हणजे बाहेरून आलेला कुणी बघून परत जायचा नाही.

दार लावायला अण्णा उठले, तेव्हा त्यांना तो दिसला.

“आतून लावलास?” ते म्हणाले. “मग देवीला कळायचं कसं?”

तो शब्द त्यांच्या तोंडून तुळजानं जन्मात पहिल्यांदा ऐकला. ती काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी कडी लावता लावता पुढं विचारलं, “तू सातवी पास झालीस, ती नक्की कुठल्या विषयात गं?”