कूलरमधली काळी बीअर

मडक्यात आंबतं ते व्यसन आणि झाकणाला नळी लावलेल्या बादलीत आंबतो तो छंद, हा फरक ज्या समाजाला कळला तो प्रगत समाज होय. चिचगडच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावात हा फरक कळणारा सध्या एकच माणूस आहे. तो मी. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि गावच्या व्यसनमुक्ती समितीचा सचिव आहे (दोन्ही कामं सारख्याच उत्साहाने करतो; निकालही सारखेच लागतात).

माझा पुण्याचा साडू भूपेंद्र घरी स्टाऊट नावाची काळी बीअर करतो आणि फोटो पाठवतो. फोटोत त्याच्या मिशीला फेस असतो. तो फेस मला सहन होईना. मे महिन्यात मी सगळं सामान घरपोच मागवलं: मॉल्ट (म्हणजे मोड आणून भाजलेले जव), कडवटपणासाठी हॉप्स नावाच्या फुलांच्या गोळ्या, यीस्टची पुडी आणि ‘शनिवार-रविवारी सहज जमणारा छंद’ अशी एक पुस्तिका. ती लिहिणाऱ्याच्या शनिवारी केशोरीला बायकोच्या चुलतभावाची हळद नसावी. माझ्या होती. शिवाय रविवारी सकाळी समितीची बैठक, तीही माझ्याच घरी.

मॉल्ट सदुसष्ट अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचा असतो. थर्मामीटर शाळेचा होता (नोंद केलेली नाही), गंज, म्हणजे मोठं पातेलं, घरचा. मग तो रस गाळून तासभर उकळायचा. या दोन तासांत मी तीन आंघोळी केल्या आणि केशोरीचे पाच फोन घेतले. सहाव्या फोनला निवडणुकीचं काम आल्याचं सांगितलं. शिक्षकाच्या या कारणावर आजवर कोणीही शंका घेतलेली नाही.

यीस्टला साधारण वीस अंश लागतात. बाहेर पंचेचाळीस होते. घरात त्यातल्या त्यात थंड अशी एकच जागा होती, बैठकीच्या खोलीतल्या कूलरची टाकी. तिच्यात बर्फ टाकून मी रस आणि यीस्ट भरलेली बादली बसवली.

“अजी, माणसं घामानं भिजून राहिली अन् बादलीले कायले बर्फ?” बायको दुर्गेश्वरीने विचारलं.

यीस्ट सजीव असतं, हे मी तिला समजावलं.

“मी बी जिवंतच आहो,” ती म्हणाली आणि एकटीच हळदीला गेली.

रविवारच्या बैठकीला सातच्या सात सदस्य आले. (सरासरी उपस्थिती तीन, त्यात कधीकधी मी दोनदा मोजलेला असतो.) विषय एकच होता: जमुनाबाईंची मोहफुलं आंबवलेली दोन मडकी. त्यांनाही जाब द्यायला बोलावलं होतं. जमुनाबाई गावाच्या टोकाला राहतात, साठीच्या आहेत. त्यांना नातू झाला होता. बाळाला घरच्या देवांपुढे न्यायचं तर मोहाच्या दारूची पहिली धार देवाला ठेवायची, अशी त्यांच्या घरची रीत. पूजा सोमवारी होती. सापडलेलं मडकं फोडायचं, असा समितीचा ठराव. तो मीच लिहिला होता, शुद्धलेखन तपासून.

कूलर सुरू झाला आणि खोलीभर आंबूस वास पसरला. अध्यक्ष केशोराव यांनी दोनदा नाक ओढलं आणि जमुनाबाईंच्या लुगड्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

“बाई, येतानाच घेऊन आल्या काय?” केशोराव म्हणाले.

जमुनाबाईंनी लुगड्याकडे पाहिलं नाही. त्या थेट कूलरकडे पाहत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी बोट दाखवायचाच काय तो अवकाश होता. सचिवपद, शाळा, इभ्रत, सगळंच त्या बोटावर होतं.

त्यांनी ते बोट पदरात गुंडाळून घेतलं. मी इतिवृत्तात लिहिलं: ‘सदर महिलेच्या अंगाला वास येत असल्याचं उपस्थितांनी प्रत्यक्ष अनुभवलं.’ मडकी फोडण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. सर्वांत आधी वर गेलेला हात माझा होता. मला लाज वाटली. पण इतिवृत्तात लाजेचा रकाना नसतो.

सगळे उठले. जमुनाबाई जाताना माझ्यापाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, “गुरुजी, तुमचं भांडं तापून राहिलं. पानी बदला, नाही तं आंबट होऊन जाईल.”

संध्याकाळी मडकी फुटली. मी गेलो नाही. मी पाणी बदलत होतो.

तीन आठवड्यांनी बीअर तयार झाली. काळीभोर, दाट, आंबटपणा नावाला नाही. भूपेंद्रला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही, यावरून ती उत्तम झाली असं मी समजतो.

ही हकीकत मी आजवर अकरा सुशिक्षित माणसांना सांगितली आहे. अकराही जणांनी बीअर कशी झाली ते विचारलं. सोमवारी जमुनाबाईंनी देवापुढे काय ठेवलं, हे एकानेही विचारलं नाही. आपण बारावे. आपल्याला विचारायचा त्रास नको, म्हणून बीअरचं मी आधीच सांगून टाकलं.