आवाज शून्य, हादरे शून्य

जर्मनीत एक माणूस हेडफोन लावून आवाजाची वाट बघतोय.

कोरियात एक बाई हादऱ्यांची.

डेन्मार्कमध्ये कुणीतरी पाण्याचे थेंब मोजायला बसलंय.

लातुरात, गंजगोलाईच्या बाजारामागे, शहजादीचाची वॉशिंग मशीनच्या झाकणावर शेवया वाळवतायत.

पहिल्या तीन गोष्टी मला माहीत होत्या. आमच्या वॉशिंग मशीन कंपनीचं संशोधन असंच देशोदेशी वाटलेलं! लग्नाच्या पंगतीत वाढपी वाटून घेतात ना, तसं. वरणवाल्याला भाताचं विचारायचं नाही. आणि लातूर संशोधन केंद्र? म्हणजे मी, अंबरीश. एकटा! खऱ्या घरात मशीन बसवायची. तिच्यातली बॅटरीवरची डबी आकडे परस्पर परदेशी पाठवणार. आकडे चांगले आले तर केंद्र कायम, नाहीतर माझी रवानगी व्हिएतनामला.

"जर्मनी लातूरला येईल, बघच!" मी बायकोला ठणकावलं.

आकडे आले. आवाज शून्य! हादरे शून्य! पाणी शून्य!

इथे शंका यायला हवी होती. पण कौतुकाच्या मेल येत असताना शंका कोण घेतं? डेन्मार्कने तर लिहिलं, "पाण्याची किंमत लातूरकरांनाच कळते." आणि बक्षीस जाहीर केलं.

मग जर्मनी खरंच आली. हेडफोनवाले साहेब पोचायच्या आधी मी शहजादीचाची आणि करीमचाचांच्या घरी धावलो. मशीनवर विणलेलं कव्हर. कव्हरवर शेवया!

"चाची, मशीन चालवत नाही?"

"चालवायची? येडा झाला का रे! मनतशाच्या निकाहात द्यायची हाय. वापरलेली चीज पोरीच्या सासरी पाठवू?"

"अहो, तपासायला दिलीय ती!"

"तूच बोल्ला ना," करीमचाचा म्हणाले, "तपासणी झाली की मशीन तुमचीच? मग तपास की. हात न लावता तपास!"

"निदान एक चादर धुवा, चाची! माझ्या नोकरीचा सवाल हाय!"

"माझ्या पोरीच्या इज्जतीचा हाय!" चाची मशीनपुढे अशा उभ्या राहिल्या, जणू मी टेम्पो घेऊनच आलोय.

तेवढ्यात साहेब दारात! त्यांनी मशीनला कान लावला. शांतता. त्यांचे डोळे पाणावले. माझ्याच्याने बघवेना.

"साहेब, ही कधी चालूच केलेली नाही."

साहेब शेवयांसारखे पांढरे पडले. त्यांनी कोरियाला फोन लावला. कोरिया म्हणाली, "हादरे शून्यच ना? मग आमचं काम संपलं." डेन्मार्क म्हणालं, "बक्षीस जाहीर झालंय, आकडा बदलणार नाही."

साहेबांनी फोन ठेवला. चाचींनी दिलेला शीरखुर्मा संपवला. मग म्हणाले, "आवाज तर मलाही आला नाही." आणि अहवालावर सही केली.

लातूर केंद्र कायम! आणखी दहा मशीन निघाल्यात. मोहल्ल्यातल्या दहा पोरींची लग्नं ठरायला लागलीत.

कपडे स्वच्छ निघतात का, हे बघणारं खातं बंगळुरूला होतं. ते कंपनीने मागच्या वर्षीच बंद केलं.