चाळीस एमबीचा बांध

“आप्पा, तुम्ही आपल्या रानाची हद्द चाललात की कोल्हापूरला जाऊन आलात?” दीप्तीनं लॅपटॉपवरून मान वर केली. “नकाशा चाळीस एमबीचा झालाय!”

पद्मराज आप्पांनी चष्मा पुसला. “म्हंजे लई चांगला झालाय व्हय?”

चांगला कसला, कर्माचा! पाणी संस्थेनं पाईपलाईनसाठी प्रत्येकाच्या रानाचा नकाशा मागवला होता. पाच एमबीच्या आत, आज पाच वाजेपर्यंत. नाहीतर पाईप आप्पांचं रान सोडून पुढं जाणार आणि यंदाही ऊस उन्हाळ्यात वाळणार. सव्वाचार वाजून गेले होते. आप्पा सारखे घड्याळाकडं बघत होते.

दीप्ती बेळगावात नोकरीला. गेल्या रविवारी आली तेव्हा तिनं आप्पांच्या फोनवर ॲप चालू करून दिलं होतं. बांधावरनं चालायचं, फोन दर सेकंदाला एक ठिपका टाकणार, ठिपके जोडले की झाली हद्द. एवढ्याशा रानात चाळीस एमबी आले कुठून, हे काही तिला कळेना. पण वेळ नव्हता. तिनं पन्नास मीटरला एकच ठिपका ठेवून बाकीचे उडवले. फाईल हलकी झाली खरी, पण बांधाचं वळण सरळ झालं आणि विहीर शेजारच्या, कुमारकाकांच्या रानात जाऊन बसली.

आप्पा ताडकन उठले. “अगं ए! ह्या विहिरीपायी कुमारशी, सख्ख्या भावाशी, अकरा वर्षं बोललो न्हाय, आणि तू एका बोटात देऊन टाकलीस?”

“थांबा हो, परत आणते. पण हद्दीच्या बाहेर ह्या रेघा कसल्या? चालून झाल्यावर ॲप बंद केलंत ना?”

“तूच म्हणालतीस, कशाला हात लावायचा न्हाय. आठ दिवस न्हाय लावला. नुस्तं चार्जिंग केलं.”

दीप्तीनं कपाळावर हात मारला. तेवढ्यात तिची आई राजमती आप्पांसाठी काढ्याचा पेला घेऊन आल्या आणि लॅपटॉपच्या पडद्यात डोकावल्या.

“हे काय गं?”

“बस्ती. रोज सकाळी दर्शनाला जातात ते जैन मंदिर.”

“आणि हे?”

“न्हाव्याचं दुकान.”

“आणि हा एवढा काळा गोळा?”

दीप्तीनं नकाशा मोठा केला. कुमारकाकांच्या घराचा पुढचा सोपा. रोज चार ते साडेपाच.

आप्पा छताकडं बघू लागले.

“अगं बाई!” राजमती कडाडल्या. “आणि मला वाटलं, ह्यांची भूक मेली! दिवस मावळायच्या आत जेवायला वाढलं तर अर्धी भाकरी नको. आठ दिवस काढा पाजला तुमाला!”

“कुमारच्या बायकोनं धपाटं पुढं केलं, तर न्हाय कसं म्हणायचं?” आप्पा पुटपुटले.

दीप्तीला हसू आवरेना. तिनं पहिल्या दिवसाचं बांधावरचं चालणं तेवढं ठेवलं आणि बाकी सगळं पुसलं. वळण जसंच्या तसं, विहीर घरी परत, फाईल अर्ध्या एमबीची. पाचाला दहा कमी असताना नकाशा गेला, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

राजमतींची धुसफूस मात्र चालूच होती. “तुमच्या शब्दाखातर अकरा वर्षं त्या उंबऱ्याकडं बघितलं न्हाय. आणि खाता तरी काय तिच्या हातचं! मीठ हल्ली लई पडतंय तिच्याकडनं. परवाचं धपाटं तर...”

त्या थांबल्या.

“परवाचं?” आप्पांनी विचारलं.

“आई,” दीप्ती म्हणाली, “तुझा फोन बघू जरा.”

राजमतींनी फोन पदराखाली घेतला. “काढा गार व्हायलाय,” म्हणाल्या आणि पेला उचलून आत गेल्या.