आप्पांच्या फुलदाणीवरचा गुलाब

"काकू, फुलदाणी आहे तशीच आणा. पुसूसुद्धा नका," संग्रहालयातल्या बाईंनी फोनवर बजावलं. ताईंनी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला आणि लगेच लिंबू चिरायला घेतलं. काळं भांडं घेऊन परक्याच्या दारात जायचं म्हणजे माहेरची अब्रू चव्हाट्यावर मांडण्यासारखंच की!

ती फुलदाणी म्हणजे मुळात तोफेच्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी. ताईंचे वडील, आप्पा, लढाईच्या काळात पलटणीत आचारी होते. घरी परतताना त्यांनी ती आईसाठी आणली. एका अंगाला ठोकून उठवलेला टपोरा गुलाब, दुसऱ्या अंगाला चंद्रकोर. छावणीत बसून आप्पांनी ती स्वतःच्या हातांनी घडवली, असं आई सांगायची आणि ताई मानत आल्या होत्या. धाकटा भाऊ मात्र लहानपणापासून म्हणायचा, "आप्पांना साधा खिळा धड ठोकता यायचा नाही. बाजारातून आणली असणार!" आप्पा गेले, आई गेली, वाद तेवढा मागे राहिला. आता संग्रहालयात अशा वस्तूंचं दालन होत होतं. बाई फुलदाणी पारखणार होत्या आणि ती आप्पांनीच घडवल्याचं ठरलं, तर शेजारच्या पाटीवर त्यांचं नाव लागणार होतं. ताईंना तेवढंच हवं होतं.

धाकटा त्यांना न्यायला आला, तेव्हा फुलदाणी टेबलावर लखलखत होती. त्याने कपाळावर हात मारला.

"ताई, हे काय करून ठेवलंस! जुन्या पितळेची काळपट झाक हाच जुनेपणाचा पुरावा असतो. आता ही काल दुकानातून आणल्यासारखी दिसतेय."

"मग तुला बरंच की. जिंकलास!" म्हणता म्हणता ताईंचे डोळे भरून आले.

"असं जिंकण्यात काय मजा?" धाकट्याने बाह्या सरसावल्या. "चहाची पूड कुठंय?"

चहात बुडवल्यावर फुलदाणी काळी व्हायच्या ऐवजी कावीळ झाल्यासारखी दिसू लागली. मग मेणबत्तीची काजळी धरली. ती निम्मी फुलदाणीला आणि निम्मी पडद्याला लागली. शेवटी धाकट्याने बुटांच्या काळ्या पॉलिशची डबी उघडली.

"अरे, आप्पांची आठवण आहे ती, बूट नव्हे!"

"वेळ आली की आठवणीलाही पॉलिश लावावं लागतं. धर तू नीट."

सगळं उरकलं तेव्हा फुलदाणी लढाईतून नव्हे, कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी दिसत होती.

संग्रहालयातल्या बाईंनी ती हातात घेतली आणि नाक मुरडलं. "पॉलिशचा वास येतोय का हो?"

"हल्ली हवेत दमटपणा फार," धाकटा छताकडे बघत म्हणाला.

बाईंनी कापसाने सगळं लेपन उतरवलं. तळावर कारखान्याची खूण आणि वर्ष दिसलं. "पुंगळी अस्सल आहे. वर्षही लढाईचंच. पण अशा पुंगळ्यांवर नक्षी काढून बाजारातले कारागीरही शिपायांना विकायचे. कुणी घडवली ते नक्षीवरून ओळखायचं. आणि हा गुलाब काही केल्या गुलाबासारखा वाटत नाही मला. 'अज्ञात कारागीर' असंच लिहावं लागेल."

ताई दिव्याखाली वाकल्या. इतकी वर्षं ती फुलदाणी उंच कपाटावर बसलेली, आणि आज घासतानाही सगळं लक्ष चकाकीवर; त्यांनी ती इतक्या जवळून कधी निरखलीच नव्हती. पाकळ्यांना मधोमध जाड शीर होती. कडा बाहेर वळलेल्या. खाली देठाच्या जागी सपाट कापलेला बुंधा. बोलावं तर आईचा गुलाब जातो. गप्प बसावं तर आप्पा जातात.

"बाई," त्या म्हणाल्या, "गुलाब नाहीये हा. कोबी आहे."

"कोबी?" धाकटा ओरडला.

"जन्म गेला माझा कोबी चिरण्यात. मला कळत नाही होय?"

बाईंनी भिंग लावलं आणि त्या हसूच लागल्या. "कोबीच आहे हो! कुठला कारागीर कोबी काढून विकायला बसेल? आणि बायकोसाठी तो घेणार कोण?"

धाकट्याने फुलदाणी ओढून घेतली आणि फिरवली. "थांबा! मग ही चंद्रकोर कसली? चंद्राला कधी मूठ असते? सुरी आहे ही! ताई, आप्पांची भाजीची वाकडी सुरी!" बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला.

"त्यांना खिळा ठोकता यायचा नाही ना?"

"खिळा वेगळा, पितळ वेगळं," म्हणत त्याने नाक पुसलं. बोटांवर उरलेलं पॉलिश नाकाला लागलं.

बाईंनी पाटीसाठी आप्पांचं नाव लिहून घेतलं आणि पुढे 'पलटणीचे आचारी' असं जोडलं. "ठेवून घेऊ ना आजच?"

"छे, छे!" ताईंच्या आधी धाकटाच म्हणाला. "आधी माझ्या नातवंडांना दाखवतो. मग आणून देतो."

टॅक्सीत त्याने फुलदाणी तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेतली. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "साहेब, काय आहे हे?"

"आमच्या आप्पांनी घडवली. लढाईत! समोर शत्रू, डोक्यावरून गोळे जातायत, आणि हा माणूस शांतपणे हातोडी चालवतोय!"

डोक्यावरून गोळे गेल्याचं आईनेसुद्धा कधी सांगितलं नव्हतं. ताईंनी भावाकडे पाहिलं, त्याच्या काळ्या नाकाकडे पाहिलं आणि ड्रायव्हरच्या दिशेने पुढे सरकल्या.

"तेही एका हाताने," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या हाताने पातेलं ढवळत होते."