साहेबांची दाढ आणि डॉक्टरांची पदके

दातांच्या डॉक्टरांना निवडणूक प्रचारातली पदके जमवायचा नाद होता. उमेदवार आपल्या चेहऱ्याची पदके पाडून फुकट वाटत आणि निकाल लागला की ती गटारात सापडत. डॉक्टर ती घासूनपुसून दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, काचेच्या कपाटात मखमलीवर मांडत. त्यांना हे देशकार्य वाटे. पेशंटना नंबर देणाऱ्या त्यांच्या बायकोला पत्रा वाटे.

प्रचार ऐन रंगात असताना साहेब सुजलेला गाल धरून आले. संध्याकाळी सभा होती. कपाटात सर्वांत जास्त पदके साहेबांचीच असल्याने डॉक्टरांना त्यांच्या दुखण्याचा आनंद लपवता येईना. इंजेक्शन देऊन, तोंडात आरसा घालून त्यांनी विषय काढला.

"साहेब, तुमचं फक्त पहिल्या निवडणुकीचं पदक नाही माझ्याकडे. तेव्हा कुठल्या पक्षात होता?"

"आँ," साहेब म्हणाले.

"आठवत नाही? साहजिक आहे."

बाहेर कार्यकर्ते ताटकळत होते. त्यांचा वेळ जावा म्हणून डॉक्टरीणबाईंनी कपाटातला दिवा लावला. "बघा, ही सगळी रांग तुमच्या साहेबांची. डोक्यावरचे केस बघत गेलं की क्रम लागतो."

कार्यकर्त्यांनी वाकून पाहिले. चेहरा एकच, चिन्ह दर वेळी वेगळे. एका पदकावर 'गद्दारांना गाडा' असे लिहिले होते. शेजारच्यावर साहेब त्याच गद्दारांच्या चिन्हाखाली हसत होते.

"गद्दार म्हणजे आम्ही," एक जाडा कार्यकर्ता म्हणाला.

"मग इथं काय करताय?" दुसऱ्याने विचारले.

"तुम्ही करताय तेच. दाढ निघायची वाट बघतोय."

शब्दाने शब्द वाढला, कॉलरी धरल्या गेल्या. रूट कॅनालसाठी आलेल्या आजी दुखणे विसरून खुर्ची पुढे ओढून बसल्या.

गोंगाट ऐकून साहेब दाताखाली कापूस धरून बाहेर आले. त्यांनी कपाट पाहिले, माणसे पाहिली आणि हात उंचावून खुलासा केला. पण अर्धी जीभ बधिर होती.

"तफ्फ," एवढेच ऐकू आले.

"तत्त्व म्हणाले," जाडा म्हणाला.

"त्याग म्हणाले," दुसरा म्हणाला.

दोघांचेही समाधान झाले आणि सवयीने टाळ्या पडल्या. संध्याकाळची सभाही अशीच झाली. इतके स्पष्ट भाषण साहेबांनी कधी केले नव्हते, असे लोक म्हणाले.

आता साहेबांची माणसे कपाट उचलून नेतील, या धास्तीत डॉक्टरांनी काही दिवस काढले. मग साहेबांच्या ड्रायव्हरने एक डबी आणून दिली. आत जाडजूड, चकचकीत पदक होते. त्यावर पक्ष नाही, चिन्ह नाही, साल नाही. फक्त साहेबांचा चेहरा, तोही दोन्ही बाजूंना.

"साहेब म्हणाले, यापुढे दर निवडणुकीला हेच वाटायचं," ड्रायव्हरने सांगितले.

बाईंनी पदक उलटसुलट करून पाहिले. "अहो, याची दर्शनी बाजू कुठली?"

"ठेव कशीही," डॉक्टर खिन्नपणे म्हणाले. "साहेबांना चालतं."