लोर्ना ट्वेट यांच्या तब्येतीविषयी गावाचा निर्णय

मिनेसोटातल्या टोर्व्हिक गावात शाळेची चार नंबरची बस चालवणाऱ्या लोर्ना ट्वेट यांचे केस मार्च महिन्यात गळाले. आधी कानामागे नाण्याएवढा चट्टा, मग सबंध डोकं, शेवटी भुवया. डॉक्टर म्हणाले, "अ‍ॅलोपेशिया. शरीर स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उठतं. कुणाचे चट्ट्यापुरते जातात, कुणाचे सगळेच. परत येतील, नाहीतर येणारही नाहीत. बाकी तुम्ही ठणठणीत आहात." पहिला आठवडा लोर्ना पोटभर रडली. मग तिनं विचार केला, एकोणीस वर्षं बस चालवली, त्यात केसांची गरज एकदाही पडली नाही. विषय मिटला असं तिनं ठरवून टाकलं. गावाला विचारायचं तेवढं राहून गेलं.

रविवारी ती उघड्या डोक्यानं चर्चला गेली. सोमवारी आर्डिस हाउगेन दारात हजर. आर्डिसबाई चर्चच्या आधार समितीच्या अध्यक्ष. गावात कोण आजारी आहे हे त्यांना आजाऱ्याच्या आधी कळे. हातात झाकलेलं भांडं होतं: नूडल्स, मासळी, मशरूमचं सूप आणि वर चीज.

"काही बोलू नकोस. किती महिने दिलेत डॉक्टरांनी?"

"अहो, महिने कसले! मला कॅन्सर नाहीये. नुसते केस गेलेत."

"हो गं बाई, हो," आर्डिसबाईंनी तिचा हात थोपटला. "माझा मेव्हणाही शेवटपर्यंत असंच म्हणायचा."

संध्याकाळपर्यंत जूनअखेरपर्यंतचा तक्ता तयार झाला, कुणी कुठल्या दिवशी जेवण आणायचं त्याचा. लोर्नानं नवऱ्याला, मर्लला, म्हटलं, "अरे, मी धडधाकट आहे हे जरा सांग ना त्यांना!" मर्लनं तक्ता वाचला. "सांगतो की. पण गुरुवार जाऊ दे. गुरुवारी मीटबॉल आहेत."

एप्रिलमध्ये अग्निशमन दलानं तिच्यासाठी पॅनकेकचा नाश्ता ठेवला आणि सेहेचाळीस जणांनी सहानुभूती म्हणून मुंडण केलं, तेही बाई जिवंत असताना. लोर्नानं माईक घेतला. "मंडळी, मनापासून आभार. पण मी आजारी नाही." सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला. काय हा धीर!

शाळेच्या ऑफिसातली कारकून कर्स्टन तेवढी तिला स्वच्छतागृहात ओढून घेऊन गेली. तिनं दार लावलं, अंबाडा सोडला. खाली तीन गुळगुळीत चट्टे. "आठ वर्षं झाली. नवऱ्यालाही माहीत नाही. तुम्हाला लाज कशी नाही वाटत हो?"

"तुझं तसं, माझं असं," लोर्ना म्हणाली. "दुखणं एकच म्हणून रडणंही एकच असतं का गं?"

कर्स्टननं डोळे पुसले, अंबाडा बांधला आणि बाहेर जाऊन पुन्हा टाळ्यांमध्ये सामील झाली.

नाश्त्याचा फोटो गावच्या पेपरात आला. दुसऱ्याच दिवशी शाळेचं पत्र आलं: गंभीर आजारी व्यक्तीच्या हाती मुलं सोपवता येत नाहीत, सबब बरं झाल्याचा दाखला आणेपर्यंत घरी बसावं. दाखल्याच्या फॉर्मवर दोन चौकोन होते, 'उपचार चालू' आणि 'बरा झाला'. डॉक्टरांनी खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, 'आजारीच नाही'. शाळाप्रमुख ब्रेकीसाहेबांनी फॉर्म परत सरकवला.

"तिसरा चौकोन आमच्याकडे नाही. बरं झाल्याचा पुरावा आणा."

"कसला पुरावा आणू?"

"केस."

"साहेब, तुमच्याही डोक्यावर एक नाही!"

"माझे रीतसर गेलेत," ब्रेकीसाहेब म्हणाले. "एकेक करून, तीस वर्षांत."

अखेर मे महिन्यात शाळा मंडळाची जाहीर सभा भरली. लोर्ना उभी राहिली. "मला जेवण नको, टाळ्या नकोत. पहाटे बर्फात उठून ती गारठलेली बस गरम करायची, एवढंच मला येतं. माझी बस मला द्या." बोलता बोलता तिला रडू कोसळलं.

ब्रेकीसाहेबांनी घसा साफ केला. "हा प्रश्न लोकांनीच सोडवावा. जे उद्या सकाळी आपलं मूल बिनधास्त हिच्या बसमध्ये बसवतील, त्यांनी हात वर करावा."

हॉलमध्ये पेरभर केस वाढलेली सेहेचाळीस डोकी होती. प्रत्येकानं आधी शेजाऱ्याकडे पाहिलं. आर्डिसबाईंच्या मांडीवर गरम भांडं होतं, त्यांचे दोन्ही हात अडकलेले. कर्स्टनचा हात वर निघाला, अंबाड्यापर्यंत गेला. तिनं पिना घट्ट केल्या आणि तो खाली आणला. इतिवृत्तात नोंद झाली: शून्य. त्याखाली लोर्नाताईंच्या धैर्याबद्दल अभिनंदनाचा ठराव एकमतानं मंजूर झाला. चार नंबरची बस ऑरिन स्लेटनला मिळाली. ऑरिन अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, एका कानानं बहिरा, दोनदा बस खड्ड्यात घातलेला. पण केस काय दाट आहेत त्याचे!

तुम्ही म्हणाल, आम्ही तिथं असतो तर हात वर केला असता. जरूर केला असता. मग तुमचं मूल कुठल्या थांब्यावर उभं असतं, तेवढं कळवा. लोर्ना हल्ली सकाळी साडेसातला मोकळीच असते.