चाकं आत गेली का?

पुरानी बस्तीतल्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, उमरकर मास्तर राहतात. ते विमानांचे फोटो काढतात, पण फक्त पोटाचे. नाक नाही, शेपूट नाही, ढगातून झेपावतानाचं देखणं काही नाही. त्यांच्या झूमवाल्या कॅमेऱ्यात एकामागून एक नुसती विमानांची पांढरी पोटं. मी रायपूरला बदली होऊन आलो तेव्हा त्यांनी ती मला तासभर दाखवली. मी आपला "वा, छान" म्हणत राहिलो. शेवटी ते वैतागले. "छान काय भाऊ? चाकं पाहा ना. आत गेली का नाही?"

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत, स्टेशनमास्तर. सारी नोकरी नागपूर लाइनीवरच्या अशा लहान स्टेशनांवर गेली, जिथं गाड्या थांबायच्या कमी आणि धडधडत निघून जायच्या जास्त. जाणारी प्रत्येक गाडी उभं राहून पाहायची. चाक तापलंय का, खाली काही लोंबतंय का, दार उघडं राहिलंय का. सगळं ठीक असलं तर हिरवी झेंडी, पुढचं पाहायला पुढलं स्टेशन. पुढं रिटायर झाले, बायको गेली, एकुलती एक रश्मी नोकरीला बेंगळुरूला गेली, आणि मास्तरांना पाहायला गाडीच उरली नाही. मग ते विमानांकडे वळले. विमानतळाच्या मागं, भिंतीबाहेर, शेताच्या कडेला एक बाभूळ आहे. तिच्या सावलीत स्कूटर लावून मास्तर रोज उभे.

"रेल्वेत दोन्हीकडून पाहतात," ते मला समजावतात. "इथं कोणीच पाहून नाही राहिलं. वर गेलं की झालं. असं कसं चालते?"

पायलटसमोर दिवे असतात, चाकं आत गेली नाहीत तर त्याला लगेच कळतं, असं मी एकदा सांगून पाहिलं. मास्तरांना माझी कीव आली. "दिवा सांगते ते खरं, का डोळा सांगते ते?"

एकदा तर कहरच केला. एका जातीच्या विमानाची चाकं आत गेल्यावरही झाकली जात नाहीत, खालून उघडीच दिसतात. त्याची बनावटच तशी. पण हे मास्तरांना कोण सांगणार? त्यांनी ते पोट पाहिलं आणि स्कूटर थेट मुख्य गेटवर नेली. बंदूकवाल्या जवानाला म्हणाले, "भैया, अभी जो गया ना, उसका दरवाजा खुला रह गया. कंट्रोल को बोलो." आता सकाळी सकाळी गळ्यात कॅमेरा आणि तोंडात कंट्रोल, असल्या माणसाला कोण सोडेल? सोडवून आणायला मी गेलो, कारण पाऱ्यात मास्तरांच्या हक्काची कार एकच, ती माझी. जवानांनी त्यांना चहा पाजला होता, नीट समजावलंही होतं. परत येताना मास्तर एवढंच बोलले, "ज्यानं बनवलं, त्याले रेल्वेत चार्जशीट भेटली असती."

रश्मी वर्षातून दोनदा येते. तिला सोडायलाही माझीच कार, माझाच रविवार. गेटवर पोचलो की मास्तर बॅग उतरवतात, "बरं, जपून जा" म्हणतात आणि माझी बाही ओढतात. "चला भाऊ, जागा पकडायची हाये." पोरगी पाया पडायला वाकलेली असते आणि पाय तोवर निघालेले असतात. गेल्या वर्षी ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "अंकल, बाबा मुझे छोड़ने नहीं आते. प्लेन देखने आते हैं." हसत म्हणाली खरी, पण मला काही ते हसू वाटलं नाही.

मी मास्तरांना झापलं. तिच्याच विमानाची चाकं पाहायला धावता, हे तिला एकदा सांगा की.

"काहून सांगू?" मास्तर म्हणाले. "निघालेल्या माणसासमोर चाकाबिकाचं बोलू नये. आपली भीती आपल्यापाशी."

आणि मग ती दिवाळी आली. रश्मीला गेटवर सोडून आम्ही नेहमीसारखे बाभळीखाली आलो, तर तिथं नवा हवालदार. त्यानं कॅमेरा पाहिला, आतली पोटं पाहिली आणि आम्हा दोघांना टिनाच्या चौकीत नेऊन बसवलं. कॅमेरा आणि मास्तरांचा फोन टेबलावर. "सब नीचे से ही क्यों खींचे हो कका?" तो विचारत होता, आणि मास्तरांचं सगळं लक्ष घड्याळात. साहेब येईपर्यंत कोणी हलायचं नाही, असा त्याचा हुकूम. माझा रविवार असा टिनाखाली भाजत होता.

तासाभरानं फोन वाजला. पडद्यावर नाव, "पोट्टी". हवालदारानं स्पीकर लावला.

"बाबा, मैं बैठ गई. आज भी आपने मुड़के नहीं देखा. आई होती तो गेटपे खड़ी रहती. ठीक है, आप देखो अपना प्लेन."

मास्तरांचा चेहरा पार उतरला. कसंबसं म्हणाले, "पट्टा बांधला का?"

तिनं फोन ठेवला.

मला काही राहवलं नाही. हवालदाराला मी सगळं सांगून टाकलं, स्टेशन, चाकं, झेंडी, सगळं. तेवढ्यात आवाज आला. टिन थरथरायला लागलं. मास्तर उठले, हात जोडून म्हणाले, "साहब, एक मिनट." हवालदारानं मान हलवली, बसा म्हणाला, आणि स्वतःच बाहेर पळाला. दारातून मला तो दिसत होता, टोपी हातात, मान वर. आत येऊन म्हणाला, "हव कका. दुनो चक्का भीतर होगे."

दोन्ही चाकं आत गेली, हे ऐकलं आणि मास्तर मटकन खुर्चीत बसले, लहान पोरासारखे रडले. हवालदारानं कॅमेरा त्यांच्यापुढं सरकवला आणि साहेबांना काय सांगायचं ते मी पाहतो, म्हणाला.

संध्याकाळी मी रश्मीला फोन केला. सांगू नये ते सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं, "हर बार?"

"हर बार, बेटा."

या उन्हाळ्यात ती पुन्हा येऊन गेली. गेटवर तिनं बॅग घेतली, पाया पडली, आणि एरवी आमच्याशी हिंदीत बोलणारी ही पोरगी मराठीत म्हणाली, "निघा बाबा. उशीर होईल. तुमची जागा जाईल."

"हो हो, निघतो," मास्तर म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत. बॅगेची मूठ त्यांनी धरून ठेवली होती, ती तिनं हळूच सोडवली. ती आत गेली, काचेपलीकडून दोनदा वळून पाहिलं, मग दिसेनाशी झाली. मास्तर तिथंच. मी दोनदा आठवण केली, तरी ते काचेकडेच पाहत राहिले. कसेबसे पार्किंगपर्यंत आलो आणि इमारतीमागून विमान उडाल्याचा आवाज आला. तिथून पोटही दिसत नाही आणि चाकंही. मास्तरांनी कॅमेऱ्याला हातसुद्धा लावला नाही. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि कारचं दार उघडत म्हणाले, "जाऊ द्या भाऊ. पुढल्या स्टेशनवाला पाहून घेईल."